मुखपृष्ठावरची बादली

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मुखपृष्ठ आले आणि अकरा वाजायच्या आत त्याचे सहा अर्थ लागले होते.

मुखपृष्ठावर एक बादली होती. निळी, प्लास्टिकची, रिकामी. काठाचा एका बाजूला टवका उडालेला, आणि कडीवरची मूठ निघून गेल्यामुळे तिथे जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळलेली. वर ‘वीस मिनिटांत’ हे पुस्तकाचे नाव. बाकी सगळे पांढरे.

पहिला अर्थ दंतवैद्यांनी फोनवर कळवला. बादली म्हणजे माणसाचे मन, जेवढे ओताल तेवढेच परत देणारे. दुसरा भूगोलाच्या बाईंचा. त्यांच्या मते बादली गौण होती आणि टवका महत्त्वाचा, कारण त्यातून पूर्णत्वाला नकार दिला होता. हे ऐकल्यावर दंतवैद्यांना आपला अर्थ उथळ वाटू लागला आणि त्यांनी तिसरा दिला: टॉवेलची पट्टी म्हणजे झाकलेली वेदना. चौथा त्यांच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाने दिला, पण त्याच्या तोंडात आरसा असल्यामुळे तो नीट समजला नाही. पाचवा छापखानेवाल्याचा. बादलीत पाणी दाखवले नाही म्हणजे शाई वाचवली, एवढेच त्याला त्यात दिसले, आणि ते त्याला आवडले होते. सहावा खालच्या मजल्यावरून आला, आणि तो लेखी होता.

संपादकांना यांतला एकही अर्थ नको होता. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. बादली जिची होती, तिने ती वेळेआधी ओळखली तर?

या गृहस्थांना सगळे संपादक म्हणत असले तरी त्यांनी आयुष्यात काहीही संपादित केले नव्हते. हयात विमा कंपनीत गेली, नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात, म्हणजे मुख्यतः नाकारण्यात. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी इमारतीच्या फलकावरची सूचना लाल पेनाने दुरुस्त केली. सूचना सेक्रेटरींच्या हस्ताक्षरात होती. हे नाव तेव्हापासूनचे, आणि सेक्रेटरींशी असलेले संबंधही तेव्हापासूनचेच. सेक्रेटरी बरोबर त्यांच्या खालच्या घरात राहत.

दर रविवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत संपादक लेखनवर्ग चालवत. नोंदणी सात जणांची, पण ऊन असो की पाऊस, येणारे तिघेच: संपादक, भूगोलाच्या बाई आणि दंतवैद्य. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत. एक काढायची, मोठ्याने वाचायची आणि वीस मिनिटांत त्यावर जे सुचेल ते लिहायचे. ‘तुमच्या छत्रीने तुमच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. तिचा जबाब लिहा.’ ‘आरशाला एक दिवसाची रजा हवी आहे. अर्जात कारण काय?’ ‘शेजारून येणाऱ्या आवाजाचे लग्न ठरवा.’ वापरलेली चिठ्ठी परत डब्यात जाई. एकाच विषयावर दुसऱ्याला वेगळे सुचते, असे संपादकांचे मत होते. नवे विषय तयार करायचा कंटाळा हेही एक कारण होते.

डब्याच्या झाकणावर संपादकांनी स्वतःच्या अक्षरात दोन नियम चिकटवले होते. आलेली चिठ्ठी नाकारायची नाही. हीच का आली, असे विचारायचे नाही.

अशा लिखाणातले निवडक घेऊन पुस्तक काढायचे ठरले आणि वर्गाचा मान ठेवून ग्रंथालयाने ते कपाटात ठेवायचे कबूल केले. दंतवैद्यांच्या लेखात दाढेची आकृती घालायची की नाही यावर वाद झाला. संपादकांचे म्हणणे, ललित लेखनात दाढ नको. दंतवैद्यांचे म्हणणे, दाढ नसेल तर लेखही नको. दाढ राहिली, पानभर मोठी, मुळांसकट. पण तो वाद किरकोळ होता. खरा प्रश्न मुखपृष्ठाचा होता, आणि तो संपादकांच्या जिवाशी होता.

त्याचे कारण त्यांची बायको.

ती त्या ग्रंथालयाची सर्वांत पक्की वाचक. मलपृष्ठ ती वाचत नसे, प्रस्तावना वाचत नसे, लेखक कोण हे पुस्तक संपल्यावर पाहत असे. कपाटासमोर उभे राहायचे, नजर फिरवायची आणि मुखपृष्ठ बघून हात जाईल ते उचलायचे. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून वाचत बसायचे, कारण उजेड तिथे चांगला. स्वतःहून थांबली तर चष्मा खुणेला ठेवून थांबे. पण वाचताना दुसऱ्या कोणी बोलले, हटकले, जरा बाजूला हो म्हटले, की पुस्तक मिटे. आणि असे मिटलेले पुस्तक ती पुन्हा उघडत नसे. दारावरची बेल वाजली म्हणून तिने एक खून शेवटच्या प्रकरणात सोडून दिला होता. “मेलेला काही परत यायचा नाही,” एवढेच ती म्हणाली आणि पुस्तक पिशवीत टाकले.

नवऱ्याचे लिखाण तिने आजवर वाचले नव्हते. संपादकांनी वह्या टेबलावर उघड्या ठेवून पाहिल्या, वाऱ्याने पाने फडफडतील अशा बेताने पंखाही लावून पाहिला. तिने वहीवर उदबत्तीचे घर ठेवले आणि ती कामाला लागली. शेवटी त्यांनी सरळ विचारले.

“नवऱ्याचं म्हणून वाचलं तर ते वाचन नाही, ती सेवा झाली,” बायको म्हणाली. “ती मी करतेच आहे. तुमचं पुस्तक निघू दे. इतरांसारखं कपाटात ठेवा. हात गेला तर वाचेन.”

“आणि नाही गेला तर?”

“तर मुखपृष्ठ चुकलं म्हणायचं.”

पुस्तकात संपादकांचा एकच लेख होता. चिठ्ठी होती: ‘घरातली बादली रुसून निघून गेली. ती कोणाकडे राहायला गेली असेल?’ त्यांच्या लेखात बादली एका श्रीमंताघरी जाते. तिथले नळ गळत नाहीत. दिवसभर कोणी तिच्याकडे पाहत नाही. तिला रोज सकाळी कुरकुर करत उचलणाऱ्या बाईची आठवण येऊ लागते, आणि जन्मभर कुरकुर करत का होईना, उचलणारे कोणीतरी लागते, असे म्हणून ती घरी परतते. असले वाक्य संपादकांनी घरात कधी उच्चारले नव्हते. उच्चारले असते तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लागला असता. वीस मिनिटांच्या घाईत ते कागदावर उतरून गेले होते, आणि आता ते बायकोपर्यंत पोचायचे तर मधे कपाट होते, कपाटात मुखपृष्ठ होते आणि मुखपृष्ठाकडे जाणारा किंवा न जाणारा तिचा हात होता.

मुखपृष्ठावर काय असावे यावर दोन रविवार खर्ची पडले. बाईंना उघडी खिडकी हवी होती आणि खिडकीतून उडणारा पक्षी. दंतवैद्यांना ढगांत जाणारा जिना हवा होता. त्यांचा दवाखाना चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट वरचेवर बंद असते, हे त्यामागचे कारण बाईंनी बोलून दाखवले तेव्हा वातावरण तापले. संपादकांना टाक आणि दौत हवी होती. त्यांनी दौत आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तीही सांडलेली.

शेवटी दंतवैद्यांनी तोडगा काढला. तिघांनी आपापली कल्पना चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावी आणि एक काढावी. तसे झाले. डबा आधी रिकामा करायला हवा, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. दंतवैद्यांनी हात घातला, चिठ्ठी उघडली आणि घसा साफ करून वाचली: “घरातली बादली रुसून निघून गेली. ती कोणाकडे राहायला गेली असेल?”

संपादक म्हणाले की ही जुनी चिठ्ठी आहे, दुसरी काढा. बाईंनी नुसते झाकण उचलले आणि नियमांची बाजू संपादकांकडे फिरवून धरली. नकाशावर बोट ठेवून नापासांना उभे करण्यात त्यांची उमर गेली होती.

“अहो, पण बादली? पुस्तकावर?”

“हीच का, असं विचारायचं नाही,” दंतवैद्य म्हणाले. “अक्षर तुमचंच आहे, संपादक.”

चित्राचे काम बाईंच्या भाचीकडे गेले. भाची औषधांची खोकी सजवत असे. खोकल्याच्या, पित्ताच्या आणि खाजेच्या औषधांवर तिचा हात बसला होता. तिच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात खाली लाल पट्टी होती आणि पट्टीवर सवयीने ‘लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा’ अशी ओळ होती. दंतवैद्यांना ती ओळ फार धाडसी वाटली. तिच्यामुळे खप वाढेल असे त्यांचे मत पडले. ती काढायला संपादकांना अर्धा तास भांडावे लागले.

मग भाचीने खरी बादली मागितली. मनाने काढलेली बादली खोटी दिसते, ती म्हणाली, आणि नवीन बादली तर साबणाच्या जाहिरातीसारखी दिसते. “काका, जिला रोज हात लागतो अशी हवी.” बाईंच्या घरच्या बादल्या तांब्यासकट एका रंगाच्या निघाल्या. दंतवैद्यांच्या घरी फवाऱ्याखाली अंघोळ करत, बादलीच नव्हती. उरले संपादक. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाचा नळ कित्येक महिने गळत होता आणि त्याखाली निळी बादली होती. वायसर बदला, असे बायकोने पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते प्रस्तावना लिहायला बसले होते. ते अजून बसलेलेच होते.

बायको बहिणीकडे गेलेली पाहून संपादकांनी बादली मोठ्या पिशवीत घातली, नळाखाली भाजी धुवायचे तसराळे सरकवले आणि भर दुपारी स्वतःच्या घरातून चोरासारखे बाहेर पडले. बायकोला सांगायची सोय नव्हती. मुखपृष्ठावर बादली येणार हे तिला कळले असते तर पुढे हात गेला काय आणि न गेला काय, त्याला किंमत राहिली नसती. संपादक या बाबतीत कडक होते. आयुष्यभर त्यांनी खोट्या दाव्यांवर फुल्या मारल्या होत्या.

संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली.

“अहो, बादली कुठाय?”

“आहे.”

“आहे, पण कुठे?”

“चांगल्या ठिकाणी आहे. काळजी नको करूस.”

“बादली आहे ती. बोर्डिंगात घातल्यासारखं काय बोलताय?”

संपादकांनी दोनच दिवसांत बादली परत येईल, असे वचन दिले. पण भाचीला हवा तो प्रकाश मिळेना. सकाळचा फार कोवळा, दुपारचा फार उद्धट, असे ती कळवत राहिली. बादली तिच्या खिडकीत बसून राहिली आणि इकडे तसराळे दिवसातून चारदा ओतावे लागू लागले. तीनदा बायको ओते. चौथी वेळ दुपारी येई आणि ती संपादकांच्या वाट्याची होती. एके दिवशी ते प्रस्तावनेच्या तिसऱ्या वाक्यात अडकले, ‘वास्तविक’ ठेवावा की काढावा या विचारात. त्यांनी तो काढला, मान वर केली, तेव्हा पाणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून त्यांच्या सपातांपर्यंत आले होते.

सेक्रेटरींनी त्यांना खाली बोलावून घेतले. दिवाणखान्याच्या छतावर, बरोबर टीव्हीच्या वर, ताटाएवढा ओला डाग होता. सेक्रेटरींनी नुसते बोट वर केले. संपादकांनीही मान वर केली, आणि काय सांगावे, तीस वर्षांची सवय आड आली. हळूहळू झिरपलेले पाणी आणि अचानक आलेले पाणी यांत फरक असतो, डागाची कड पिवळी आहे म्हणजे हा डाग जुना असू शकतो, आणि आधीच्या छताचा फोटो नसल्यास नुकसान सिद्ध होत नाही, असे ते समजावून सांगू लागले.

“संपादक,” सेक्रेटरी म्हणाले, “तुमच्या डोक्यावर थेंब पडतोय.”

खरोखरच पडत होता.

डाग पाहायला मग इमारतीतले सगळे येऊन गेले. प्रत्येकाला नळाचा एक कारागीर माहीत होता आणि प्रत्येकाचा कारागीर गावाला गेलेला होता. भूगोलाच्या बाई त्याच इमारतीत राहत. त्यांनी डाग बराच वेळ न्याहाळला आणि हे द्वीपकल्प आहे, आठवड्याभरात मुख्य भूमीशी जोडले जाईल, असे सांगितले. सेक्रेटरींच्या बायकोने त्यांना चहा विचारला नाही. एक कारागीर शेवटी फोनवर सापडला. तो ‘निघालोच’ म्हणाला. पुढे रोज सकाळी तो तेच म्हणत राहिला, आणि त्याच्या आवाजात इतका प्रामाणिकपणा असे की संपादक रोज आंघोळ उरकून तयार बसत.

अशात त्या मंगळवारी मुखपृष्ठ आले. सगळ्यांचे मत घ्यावे म्हणून दंतवैद्यांनी ते, ‘बादली संपादकांच्याच घरची’ अशी ओळ जोडून, उत्साहाने ओळखीपाळखीत पाठवले, आणि ओळखीपाळखीत सेक्रेटरीही होते. अकरा वाजायच्या आत जिन्याजवळच्या फलकावर नोटीस लागली. स्वतःची बादली पुस्तकावर छापून संबंधित सदस्यांनी गळती जाहीरपणे मान्य केली आहे, पुरावा सोबत जोडला आहे. पुरावा म्हणजे मुखपृष्ठ, रंगीत आणि मोठे.

संपादकांनी नोटीस वाचली. ‘संबंधित’ बरोबर लिहिले होते, याचीही त्यांना नोंद घ्यावी लागली. मग त्यांच्या लक्षात आले की बायको बाजारातून याच जिन्याने यायची आहे. ती फलक कधी वाचत नसे, पण आता त्यावर मुखपृष्ठ होते, आणि मुखपृष्ठासमोर तिचे पाय आपोआप थांबत. नोटीस फाडणे नियमात बसत नव्हते. म्हणून ते पाठ फलकाला लावून उभे राहिले. बायको आली, पिशव्यांसकट थांबली.

“इथे काय करताय?”

“उभा आहे.”

“ते दिसतंय. पिशवी घ्या.”

पिशवी घ्यायला पुढे झाले तर बादली उघडी पडणार होती. संपादक जागचे हलले नाहीत, हात मात्र शक्य तेवढे लांब केले. बायकोने पिशवी त्यांच्या बोटांना अडकवली आणि ती वर गेली. पुढचे काही दिवस ती बाहेर पडायच्या आणि यायच्या वेळी संपादक फलकाला टेकून उभे असत. जाणाऱ्या-येणाऱ्यांची चौकशी करू लागल्यामुळे, निवृत्तीनंतर माणूस जरा मवाळ झाला, असे इमारतीत बोलले गेले. बायकोने दोन दिवसांनी त्यांना रक्तदाब तपासून घ्यायला सांगितले.

पुस्तक छापून आले. बादलीही परत आली, बरोबर अंधार पडताना, त्याच पिशवीतून. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली.

“धुतलीय कोणीतरी,” ती म्हणाली. “आपल्या घरातलं काम नाही हे.”

ग्रंथालयात प्रती द्यायला संपादक स्वतः गेले. पुस्तक ‘नवे आलेले’ या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, मुखपृष्ठ पुढे करून ठेवायचे, असा त्यांचा बेत होता. त्या कपाटासमोर बायकोचा दर आठवड्याला मुक्काम असे. ग्रंथपाल बाईंनी प्रत हातात घेतली, नाव वाचले, बादली पाहिली, आणि शांतपणे सांगितले की नव्या कपाटात जागा नाही, पुस्तके आता विषयवार लागतात, आणि विषय वरच्या कचेरीतले साहेब मुखपृष्ठ पाहून ठरवतात.

“आत वाचत नाहीत?”

“आत वाचायला त्यांना वेळ कुठे असतो? दिवसाला दोनशे पुस्तकं असतात.”

संपादकांनी अर्जासोबत मुखपृष्ठाचा खुलासा जोडला. त्यात मन, अपूर्णत्व, झाकलेली वेदना हे सगळे अर्थ त्यांनी नाइलाजाने घातले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. साहेबांना खुलासा आवडला होता, पण त्यांच्या रकान्यात तीनच शब्द मावत. नाव ‘वीस मिनिटांत’, चित्र बादलीचे. पुस्तक ‘घर व दुरुस्ती’ या कपाटात गेले. कपाट जिन्याखाली होते. डावीकडे ओलसर भिंतींवरचे पुस्तक, उजवीकडे झुरळांवरचे.

विषय बदलून मागता येईल का, असे संपादकांनी विचारले. येईल, ग्रंथपाल बाई म्हणाल्या, समिती तीन महिन्यांनी बसते. मग पुढच्या पुस्तकाकडे वळत त्या म्हणाल्या, “बसली तर.”

संपादक घरी आले आणि आरामखुर्चीत पडले. जिन्याखालच्या कपाटाकडे बायको आजवर फिरकली नव्हती. मुखपृष्ठ चुकले असते तर त्यांनी सोसले असते. पण तिच्या नजरेपुढे न येताच हरायचे, म्हणजे दावा न उघडताच फेटाळल्यासारखे होते, आणि तसे तर त्यांनीही कधी केले नव्हते. क्वचित केले होते.

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. कारागीर निघालेलाच होता. खालून सेक्रेटरींनी काठीने छत ठोकले. बायकोने हातातला झारा खाली ठेवला.

“आता मीच बदलते तो वायसर,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं असतं? पुस्तकात बघून करता येतं. ग्रंथालयात असेल की एखादं.”

संपादक खुर्चीत उठून बसले. चप्पल घालायला त्यांना एरवी जेवढा वेळ लागे त्याच्या निम्माही लागला नाही. मागच्या गल्लीतून ते बायकोच्या आधी ग्रंथालयात पोचले, वाचनकक्षातले पहिले हाताशी आलेले वर्तमानपत्र उघडले आणि जिन्याच्या दिशेने तोंड करून बसले. ते वर्तमानपत्र त्यांनी सकाळीच घरी वाचले होते. आताही पहिल्या मथळ्याच्या पुढे ते गेले नाहीत.

बायको आली. ‘नवे आलेले’ समोर थांबली नाही. सरळ जिन्याखाली गेली. ओलसर भिंतींवरून नजर फिरली, झुरळांवर गेली, परत आली आणि मधेच थांबली. ती वाकली. चष्मा कपाळावर सारून पाहिले, मग डोळ्यांवर घेऊन पाहिले. आणि हात गेला.

तिने पुस्तक ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवले.

“ह्यात नळाचं आहे का?”

ग्रंथपाल बाईंनी वाचनकक्षाकडे पाहिले. तिथे एक वर्तमानपत्र थरथरत होते.

“पाण्याचं आहे,” त्या जपून म्हणाल्या. “बऱ्यापैकी आहे.”

“द्या मग. ही बादली माझी आहे,” बायको म्हणाली आणि पुस्तक पिशवीत टाकून निघून गेली.

संपादक तिथून थेट दवाखान्यात गेले, चार मजले चढून. भूगोलाच्या बाईंनाही बोलावून घेतले. मुद्दा असा होता की हात गेला हे खरे, पण तो मुखपृष्ठाच्या ओढीने गेला, की नळासाठी गेला, की आपली वस्तू दुसऱ्याच्या पुस्तकावर कशी, या संशयाने गेला? पहिल्या कारणाने गेला असेल तरच दावा ग्राह्य. दुसऱ्या दोन्ही कारणांत लेखकाचे काही कर्तृत्व नव्हते. बाईंनी दोन्ही बाजू मांडल्या आणि दोन्ही एकमेकींहून भक्कम ठरल्या. दंतवैद्य हात धुऊन, पुसून, खुर्चीजवळ येऊन बसले.

“हात गेला ना?”

“गेला.”

“मग हाच का, तोच का, असं विचारायचं नाही. घरी जा. आणि संपादक, तोंड बंद ठेवा. हे मी सहसा कोणाला सांगत नाही.”

रविवारी वर्ग झाला नाही, कारण संपादक गेले नाहीत. सकाळपासून ते आरामखुर्चीत होते. जेवण उरकल्यावर बायकोने स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकले, पिशवीतून पुस्तक काढले आणि मुखपृष्ठाकडे एकदा पाहून ते उघडले. संपादकांनी डोळे मिटल्यासारखे केले.

सुरुवातीची पाने तिने भराभर उलटली, नळ शोधत असावी. मग वेग कमी झाला. छत्रीच्या जबाबापाशी तिच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. तो लेख बाईंचा होता. संपादकांना बाईंबद्दल कौतुक वाटले आणि त्याच क्षणी वाटेनासेही झाले. बायकोने एकदाही त्यांच्याकडे पाहिले नाही. पुस्तकात आपल्या नवऱ्याचे काही आहे हे तिला ठाऊक आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. तिचा चेहरा वाचनात असा असे की दगड बरा.

तेवढ्यात संपादकांच्या कानाला काहीतरी वेगळे लागले. नळाचा आवाज बदलला होता. सकाळी तो बादलीच्या तळावर टपकन पडत होता. मग तो खोल झाला होता. आता तो बारीक, वरचा, पाण्यावर पाणी पडल्याचा येत होता. त्यांनी मान न हलवता नजर वळवली. बायकोच्या खांद्यावरून बादलीचा काठ दिसत होता. पाणी टवक्याच्या खाली बोटभरावर आले होते. आज सकाळपासून ती कोणीच ओतली नव्हती. बायको वाचत होती आणि संपादक तिला वाचताना बघत होते.

बादलीपर्यंत जायचे तर स्टूल बाजूला करावे लागणार होते. स्टूल बाजूला करायचे तर ‘जरा सरक’ म्हणावे लागणार होते. आणि ‘जरा सरक’ म्हटले की पुस्तक मिटणार होते, आणि मिटलेले पुस्तक पुन्हा उघडत नसे. न जावे तर पाणी टवक्यातून ओट्यावरून खाली, फरशीवरून खाली, द्वीपकल्पापर्यंत. खालून टीव्हीचा आवाज येत होता. सेक्रेटरी घरी होते.

बायकोने पान उलटले. नव्या पानावर शब्द नव्हते. लांबूनही दिसत होती ती दाढ, पानभर मोठी, मुळांसकट. दाढेच्या पाठीमागच्या पानावर संपादकांचा लेख सुरू होत होता.

ती दाढेकडे पाहत राहिली. चष्मा नीट केला. बादलीत एक थेंब पडला आणि पाणी टवक्याच्या काठाला लागून थरथरले. खालून काठीचा एक ठोका आला, मग थांबला. संपादकांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात ठेवले, अर्धे उठले आणि तसेच राहिले.

बायकोने बोटाला जीभ लावली आणि पानाचा कोपरा धरला.